एकशे दहाचं घर

विजेची तक्रार नेमकी सांगायला लोकांकडे शब्द नसतात. दुबईत मी घरं-बंगल्यांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर होतो, तेव्हा फोनवर लोक मला काय काय सांगायचे! कुणी म्हणायचं, लाइट आजारी वाटतोय. कुणाचा एसी रडका आवाज काढायचा. तिथल्या देरा भागातल्या एका खोलीत बरेच जण मिळून राहायचे. त्यांच्यातल्या एका गोरखपूरच्या गृहस्थाने एकदा फोन केला, "साब, दीवार में से रोटी सिकने की बास आ रही है." जाऊन बघतो तर खरंच भिंतीतली वायर भाजत होती. सगळ्यांचे राइस कुकर एकाच प्लगवर लावलेले!

आता रिटायर होऊन वसईला आलो, तरी हे शब्द कानात आहेत. त्यातल्या एका शब्दाला मी नोकरीभर घाबरत आलो. तो शब्द म्हणजे झिणझिण्या. ठिणगी उडाली, धूर निघाला की माणूस घाबरतो, मेन बंद करतो, आम्हाला बोलावतो. झिणझिण्या आल्या की मात्र हसतो, हात झटकतो आणि कामाला लागतो. मला सगळ्यात जास्त भीती त्या हसण्याची वाटते.

दुबईत असताना एके दिवशी फोन आला. बोलणारी बाई सुरुवातीला इंग्रजीत बोलत होती. मी नाव सांगितलं तशी थांबली.

"लोपीस? म्हणजे वसईचे का?"

"हो, वसईचाच."

"अरे वा, मग मराठीतच बोलते. मी मेधा कर्णिक, जुमेऱ्यातनं. तशी अर्जन्सी काही नाहीये हां. आमच्या किचनच्या नळाला हात लावला की कधीकधी झिणझिण्या येतात. मला एखाद्या वेळेसच आल्या. अन्वीला, म्हणजे माझ्या मुलीला, जास्त येतात. ती त्याला टिकली टॅप म्हणते."

"टिकली?"

"टिकल, म्हणजे गुदगुल्या करतो म्हणून टिकली." ती हसली. "काल शेजारच्या मैत्रिणींना बोलावून दाखवत होती."

माझा हात कपाळावर गेला. "मुलगी घरात चप्पल घालते का?"

"छे हो, अनवाणीच असते. का?"

"आणि तुम्ही?"

"माझ्या पायात रबरी स्लिपर असते… ओह." तिचं तिलाच कळलं. आवाज एकदम बदलला.

"किचनचं दार लावून घ्या," मी म्हणालो. "नळ, सिंक, कशालाच हात लावायचा नाही. फरशी पुसायची नाही. मी निघालोच."

बशीरला बरोबर घेतलं. बशीर मलप्पुरमचा, जवळजवळ माझ्याच वयाचा, कंपनीत माझ्याही आधीपासून असलेला इलेक्ट्रिशियन. आमची दोघांची भाषा हिंदी. त्याची मल्याळी हिंदी, माझी वसईची. गाडीत त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, "लोपीस साब, वो बच्ची का नसीब अच्छा है. फर्श सूखा था."

घर जुन्या पद्धतीचं होतं. बसकं, एकमजली, पुढे कडुनिंब, मागे पाण्याच्या पंपाची आणि नोकराची अशी दोन खोल्यांची चाळवजा इमारत. आजूबाजूला सगळे काचेचे नवे बंगले, त्यांच्यात हे एकटंच मागे राहिलेलं. मेधाने दार उघडलं. चाळिशीच्या आतबाहेरची, घरून काम करणारी, कानात अजून ऑफिसच्या कॉलचा इअरफोन. मागे अन्वी उभी होती, दहाएक वर्षांची. माझ्याकडे संशयाने बघत ती म्हणाली, "आर यू गोइंग टू टेक अवे माय टॅप?"

हॉलमध्ये खिडकीपाशी आरामखुर्चीत मेधाचे वडील बसले होते. नाना. पोस्टातून रिटायर झालेले, पत्नी गेल्यावर लेकीबरोबर अमेरिकेत राहिलेले आणि जावयाची दुबईला बदली झाली म्हणून आता इथे आलेले. नाकाला बारीक नळी, नळीचं दुसरं टोक आतल्या खोलीत घरघरणाऱ्या मशीनला. फुप्फुसाचा जुना आजार, असं मेधाने हळूच सांगितलं. हवेतला ऑक्सिजन गाळून देणारं ते मशीन होतं. दिवसातला बराच वेळ आणि झोपताना त्यांना ते लागायचंच.

नानांनी मला हाताने जवळ बोलावलं. "अहो… मला सांगा…" एक श्वास. "नळातनं पाणी येतं…" पुन्हा श्वास. "तर वीज कशी येते?"

"तेच बघायला आलोय, नाना."

त्यांना आणखी काही विचारायचं होतं, डोळ्यांत दिसत होतं. पण दम पुरला नाही. हातानेच 'नंतर' म्हणाले.

किचनमध्ये गेलो. एक सांगतो, कुठलीही धातूची वस्तू जिवंत आहे का, म्हणजे तिच्यात वीज आहे का, ते बघायचं तर दुसऱ्या बाजूला खात्रीची जमीन हवी. म्हणून आम्ही घराच्या मेन बोर्डावरच्या अर्थिंगपासून एक लांब वायर ओढत सिंकपर्यंत आणली. मीटरचं एक टोक त्या वायरला, दुसरं नळाला.

एकशे दहाच्या आसपास आकडा आला.

बशीर माझ्याकडे बघायला लागला. अमिरातींमध्ये घरात दोनशेतीस व्होल्ट असतात. गळती असेल तर नळावर दोनशेतीस दिसतील, नाहीतर किरकोळ काहीतरी दिसेल. हा एकशे दहा कुठून आला?

"मेन बंद कर," मी म्हणालो.

बशीरने मेन स्विच खाली केला. एसी थांबले, फ्रिज थांबला, मेधाच्या लॅपटॉपचं वायफाय गेलं. नळावर आकडा तोच.

"साब," बशीर हळू आवाजात म्हणाला, "मेन तो बंद है. ये करंट किधर से आ रहा है?"

आणि तेव्हा मला ऐकू आलं, आतल्या खोलीतलं नानांचं मशीन अजून चालूच होतं.

"मेधाताई, त्या मशीनला बॅटरी आहे का?"

"असेलच ना. मागे एकदा घरातले लाइट गेले होते, तेव्हाही ते चालूच राहिलं. मला बरंच वाटलं." बोलता बोलताच ती थांबली. "तुम्हाला म्हणायचंय की बॅटरी नाहीये?"

मशीनची वायर भिंतीपर्यंत गेली होती. तिथे दोन चपट्या फटींचं अमेरिकन सॉकेट होतं, शेजारी पत्र्याच्या लहान पट्टीवर '११०' असं कोरलेलं. मेधाने मग सगळं सांगितलं. दुबईत घर शोधताना ती अल बर्शात, मरिनात बरीच हिंडली होती. एजंटने हा बंगला दाखवला आणि म्हणाला, मॅडम, या घरात दोन खोल्यांना अमेरिकन लाइन आहे. नानांचं मशीन अमेरिकेतलं, तिथल्या एकशेवीस व्होल्टवर चालणारं. इथे ते आणल्या आणल्या जोडता आलं. तिला ही देवाचीच कृपा वाटली आणि तिने घर भाड्याने घेऊन टाकलं.

"पण किचनमध्ये तर साधी तीन पिनांचीच सॉकेट्स आहेत," ती म्हणाली. "इथलीच."

"इथे नवीन किटली वगैरे लावली का कधी?"

"लावली ना! पाणी उकळतच नाही. दुकानात जाऊन दोनदा बदलून आणली. ते म्हणाले, मॅडम, तुमच्या पाण्यात प्रॉब्लेम आहे."

मला हसू आलं, पण तिथेच गिळलं. दोनशेतीसची किटली एकशे दहावर लावली तर तिची ताकद निम्मी नाही, चतुर्थांशच राहते. बिचारी उकळणार कशी?

बशीरने रबरी हातमोजे घालून सिंकखालचं सॉकेट उघडलं. आतून एक काळी आणि एक पांढरी वायर आली होती. तिसरी नव्हतीच. मग मात्र मला सगळं दिसायला लागलं.

धंद्याबाहेरच्यांसाठी सांगतो. वीज एका वायरने येते आणि दुसरीने परत जाते. येणारी ती फेज, जिला हात लावला तर माणूस जातो. परतीची न्यूट्रल. तिसरी अर्थिंगची, सुरक्षेची, काही बिघडलं तर वीज जमिनीत नेऊन सोडणारी. आपल्याकडे आणि दुबईतही आम्ही लोक ज्या पद्धतीत शिकलो, तिच्यात काळी वायर म्हणजे न्यूट्रल. अमेरिकन पद्धतीत काळी म्हणजेच फेज, न्यूट्रल पांढरी असते. एकाच रंगाचा इथे एक अर्थ आणि तिथे बरोबर उलटा.

घर भाड्याने देण्याआधी कुणीतरी या किचनचं नूतनीकरण केलं होतं. नव्या टाइल्स, नवे ओटे. त्या कुणा वायरमनने अमेरिकन सॉकेट काढून इथलं बसवलं. काळी दिसली, न्यूट्रल समजून जोडली. अर्थिंगची वायर सापडली नाही, तेव्हा न्यूट्रलवरूनच एक तुकडा अर्थिंगच्या टोकाला जोडून मोकळा झाला. हा शॉर्टकट तसाही वाईटच. इथे तर काळीत फेज होती. म्हणजे त्या सॉकेटच्या अर्थिंगमध्ये, जिथे काहीही असायला नको, तिथे पूर्ण एकशे दहा व्होल्ट आले. त्याच सॉकेटवर सिंकखालचा पाणी गरम करायचा छोटा हीटर होता. हीटरचं पत्र्याचं अंग त्या अर्थिंगला, अंगाला नळाची नळी आणि नळीला नळ.

"अन्वीचे पाय ओले असते तर?" मेधाने विचारलं.

उत्तराची वाट न बघता तिने मुलीला जवळ ओढून घेतलं. अन्वी म्हणाली, "मॉम, यू आर स्क्विशिंग मी."

सॉकेट सुटं करून टोकं बंद केली. नळावर मीटर शून्यावर आला. आत्तापुरता धोका टळला होता. पण घरात जाणारी ही दुसरी वीज नेमकी कुठून निघते ते कळल्याशिवाय मला तिथून हलता येणार नव्हतं. मेन बंद करूनही जी चालू राहते, ती उद्या दुसऱ्याच कुणाचा जीव घेईल. भिंतीतला पाइप कुठे जातो ते बघत आम्ही मागच्या अंगणात गेलो. पंपाच्या खोलीत जुन्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. बशीरने कान भिंतीला लावला. "साब, इधर कोई गाना गा रहा है."

खुर्च्या काढल्या. मागे लोखंडी करड्या पेटीत भलामोठा ट्रान्सफॉर्मर, कमरेएवढा, मंद गुणगुणत बसलेला. पंपाच्या खोलीला घराच्या मेनशी संबंध नसलेली वेगळी जोडणी होती. त्यावरून हा दोनशेतीस व्होल्ट घेत होता आणि एकशे दहा करून घराच्या तीन खोल्यांना देत होता. घराच्या बोर्डावर गळती पकडणारा स्विच चांगला नवा होता, पण त्याला या ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. मुलीला धक्का बसला असता तर तो स्विच ढिम्म हलला नसता.

मी पेटीसमोर उकिडवा बसलो. धंद्यात इतकी वर्षं घालवून असं काही बघायला मिळालं की मला धोक्याचाही विसर पडतो. काम इतकं सुबक होतं! प्रत्येक वायर वळणदार, प्रत्येक टोकाला खूणपट्टी. ज्याने किचनमध्ये तो तुकडा जोडला, त्याचं हे काम नव्हतं.

"ये मेरे आदमी ने लगाया," मागून आवाज आला.

दारात काळ्या अबायातली एक वृद्ध अमिराती बाई काठी टेकून उभी होती. घराची मालकीण, उम्म खालिद. शेजारच्याच बंगल्यात मुलाकडे राहायची. आमची गाडी बघून आली होती. त्या पिढीतल्या पुष्कळ अमिराती लोकांना हिंदी येतं, मुंबईशी त्यांचा जुना संबंध. तिचं हिंदी बशीरपेक्षा चांगलं होतं.

तिने बसायला खुर्ची मागितली आणि मग सांगत राहिली. नवरा तरुणपणी सौदीत अमेरिकन तेल कंपनीत इलेक्ट्रिकचं काम शिकला. तिथल्या वसाहतीत सगळं अमेरिकन पद्धतीचं. लग्नानंतर दोघं तिथेच राहिली. परत आले तेव्हा ट्रकभर सामान आणलं. तिचं शिवणाचं मशीन, मिक्सर, इस्त्री, सगळं एकशे दहाचं. इथली वीज वेगळी. लोक म्हणाले, विकून टाक. "वो बोला, औरत का सामान नहीं बदलेगा, मैं घर बदलेगा." आणि त्याने शिवणाच्या खोलीला, निजायच्या खोलीला आणि किचनच्या एका भिंतीला बायकोच्या सामानाजोगती वीज दिली.

"सब चीज़ अच्छा चला?" मी विचारलं.

"सब चला. एक घड़ी नहीं चला." ती हसायला लागली. "दीवार का घड़ी, बिजलीवाला. उधर एकदम सही टाइम. इधर आके आलसी हो गया. हर घंटे में दस मिनट पीछे. मेरा आदमी ने खोला, साफ किया, तेल दिया. फिर भी दस मिनट पीछे. बोला, हबीबती, ये घड़ी को घर की याद आता है."

बशीर हसला. मीही हसलो. मग हसता हसताच तो आकडा माझ्या डोक्यात अडकला.

तासाला दहा मिनिटं. साठाचे पन्नास.

विजेला जोर असतो, तसा ताल असतो. जोर म्हणजे व्होल्टेज. ताल म्हणजे ती सेकंदाला किती वेळा मागेपुढे होते ते. अमेरिकेत सेकंदाला साठ वेळा, सौदीतही साठ. आपल्याकडे आणि अमिरातींमध्ये पन्नास. ट्रान्सफॉर्मर जोर कमी-जास्त करतो, ताल त्याला बदलता येत नाही. इस्त्रीला तालाचं काही पडलेलं नसतं, शिवणाच्या मशीनलाही फारसं नाही. पण विजेवरचं जुनं घड्याळ ताल मोजूनच वेळ दाखवतं. आणि काही मोटारी तालावरच फिरतात. ताल मंद झाला की त्याही मंद फिरतात आणि वर तापतात.

मी उठलो आणि जवळजवळ धावतच घरात गेलो. नानांच्या खोलीत ते मशीन घरघरत होतं. मागच्या पत्र्यावर वाचलं. एकशेवीस व्होल्ट, साठ हर्ट्झ. पन्नासचा उल्लेख नाही. हात लावला तर कडकडीत तापलेलं.

"मेधाताई, अमेरिकेत याचा आवाज असाच होता?"

ती दारात उभी राहिली आणि नीट ऐकायला लागली. सॉफ्टवेअर तपासण्याचं तिचं काम, त्यामुळे उत्तर घाईने दिलं नाही. "नाही," ती म्हणाली. "तिकडे जरा वरच्या पट्टीत होता. इथे आल्यावर मला पहिल्याच रात्री जाणवलं होतं. मला वाटलं लाकडी फ्लोअर नाहीये म्हणून. आणि हा पिवळा दिवा लागतो अधूनमधून. पुस्तकात लिहिलंय, फिल्टर बदला. मी बदलला, दोनदा."

"आणि नानांची तब्येत?"

"उतरलीच आहे. आधी बागेत चक्कर मारायचे. आम्ही म्हणतोय, हवा मानवत नाही. वाळू, धूळ…" तिने माझ्याकडे बघितलं. "लोपीसकाका, तुम्ही काय सांगताय मला?"

मी डॉक्टर नाही, असंच मी तिला आधी म्हणालो. मला एवढंच कळतंय की हे मशीन जेवढं फिरायला हवं तेवढं फिरत नसावं. खरं खोटं मशीनवाल्यालाच सांगता येईल. माझ्या शब्दावर काही बदलू नका, पण आत्ताच्या आत्ता फोन करा.

तिने डॉक्टरांना फोन केला, डॉक्टरांनी लगेच सिलिंडर पाठवायची व्यवस्था केली. इथली मशीनं भाड्याने देणाऱ्या कंपनीचा एक फिलिपिनो टेक्निशियन ऑक्सिजन मोजायचं उपकरण घेऊन आला. नळीतून येणारी हवा त्याने मोजली. एकदा मोजून त्याचं समाधान झालं नाही, परत मोजलं. मग म्हणाला, "मॅम, ही इज नॉट गेटिंग इनफ." ऑक्सिजन हवा त्यापेक्षा बराच कमी येत होता.

मेधा स्वयंपाकघराच्या बंद दाराला टेकून उभी राहिली आणि रडायला लागली. आवाज न करता, नानांना ऐकू जाऊ नये म्हणून. "मी या सॉकेटसाठीच घर घेतलं हो," एवढंच म्हणाली. बशीर मुलींचा बाप. तो पुढे झाला. "बहन, आपने फोन किया ना? बस. बाकी सब इसके बाद हुआ." त्याचं हे वाक्य मी पुढे कितीतरी घरांत वापरलं.

नानांना सिलिंडरवर घेतलं. दुसऱ्या दिवशी इथल्याच व्होल्टेजचं, इथल्याच तालाचं मशीन आलं, ते साध्या दोनशेतीसच्या सॉकेटवर लावलं. आता एकशे दहाची त्या घरात कुणालाच गरज उरली नव्हती. तिन्ही खोल्या दोनशेतीसवर आणायच्या, असं मेधाने आणि तिच्या नवऱ्याने ठरवलं.

ऐकायला सोपं वाटतं. ट्रान्सफॉर्मर काढा, वायरी सरळ जोडा, झालं. असं करणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांनी जाळलेली घरंही पाहिलीत. मुळात हे काम वीज खात्याची परवानगी घेऊन, परवानाधारकानेच करायचं. घरमालकाने हौसेने स्क्रूड्रायव्हर उचलायचा नाही. जुन्या सॉकेटची, स्विचची क्षमता कमी व्होल्टेजपुरती असते, ती सगळी जातात. वायरचं आवरण वरचं व्होल्टेज सोसेल असं छापलेलं असलं तरी चाळीस-पन्नास उन्हाळ्यांत ते पापडासारखं झालेलं असतं. आम्ही मेगर, म्हणजे वायरचं आवरण तपासायचं मीटर, लावून बघितलं आणि ठरवलं, एकही जुनी वायर ठेवायची नाही. नवीन तीन-तीन वायरी ओढायच्या, इथल्या रंगांच्या, अर्थिंगसकट, आणि सगळं घराच्या बोर्डावर गळती पकडणाऱ्या स्विचच्या मागे आणायचं. म्हणजे मेन बंद केला की घर बंद. शेवटी प्रत्येक सॉकेटवर फेज कुठे, न्यूट्रल कुठे, अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत जातं का, हे बघायचं. आणि घरातल्यांना कपाटं उघडायला लावायची. एखादा जुना एकशे दहाचा दिवा, इस्त्री कुठे लपून राहिली असेल तर ती आजच बाहेर. पुढच्या महिन्यात कुणीतरी सवयीने लावली तर तिचा फटाका होतो.

अडलं ते मालकिणीपाशी. परवानगीच्या कागदावर तिची सही हवी होती. मी बशीरला घेऊन तिच्याकडे गेलो. काहवा नावाची अरबी कॉफी आली, खजूर आला, सही काही येईना.

"वो निकालेगा तुम?" तिने विचारलं. "सब?"

"सब, अम्मा."

तिने कागद बाजूला सरकवला. मग म्हणाली, "सच बोलो. वो बच्ची को करंट लगा, मेरे आदमी के काम से लगा?"

तेव्हा मला कळलं, तिला ट्रान्सफॉर्मरचा मोह नव्हता. त्या दिवसापासून ती हाच प्रश्न घेऊन बसली होती आणि तो विचारायची तिला भीती वाटत होती.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिच्या नवऱ्याने वायरी लोखंडी पाइपातून नेल्या होत्या आणि त्या पाइपालाच अर्थिंग केलं होतं. त्याच्या काळात तशीच पद्धत होती, आणि त्याने केली ती नीट केली. त्याच्या जोडणीत नळाला वीज आली असती तर तत्क्षणी फ्यूज उडाला असता. नंतर किचन नवं करताना कुणीतरी पाइपाचा एक तुकडा काढून तिथे प्लास्टिकचा घातला. अर्थिंग तिथे तुटलं. मग सॉकेट बदलणाऱ्याने काळी-पांढरीचा घोळ केला. "आप के शौहर का काम सही था, अम्मा. मैंने देखा है. ऐसा काम आजकल कोई नहीं करता."

"वल्लाह?"

"वल्लाह," बशीर म्हणाला. ती शपथ मी घेण्यापेक्षा त्याने घेतलेली बरी.

तिने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले, पेन मागितलं आणि सही केली. "यल्ला," म्हणाली, "निकालो. बच्चा लोग का घर है."

काम संपल्यावर मी नेहमीप्रमाणे आधी मीटरने तपासलं, मग बूट-मोजे काढून, पाय ओले करून तो नळ स्वतः धरला. कंपनीच्या नियमांत हे बसत नाही. पण ज्या आईच्या मुलीला त्या नळाचा झटका बसलाय तिला मीटरचा आकडा पुरत नाही, तिला माणूस बघायचा असतो. अन्वीने नंतर धरला. "इट्स जस्ट अ टॅप नाऊ," ती नाराजीने म्हणाली.

आमच्या धंद्यात एक खंत कायमची असते. जे घर जळतं ते पेपरात येतं, जे जळत नाही त्याची कुणाला आठवण राहत नाही. तुम्ही बरोबर काम केलंत याचा पुरावा एवढाच की काही झालं नाही. आणि मला हेही डाचतं की मेधाने फोन केला म्हणून आम्ही गेलो. तसलंच नूतनीकरण करणाऱ्या त्या वायरमनने आणखी किती किचनं केली असतील? मी कंपनीमार्फत एजंटला विचारायचा प्रयत्न केला. तो वायरमन देश सोडून गेला होता, त्याचं नावही कुणाला धड ठाऊक नव्हतं. कुठे कुठे काळ्या वायरी तशाच असतील.

नानांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. फुप्फुसं काही नवी मिळत नाहीत. डॉक्टरांनी मेधाला स्पष्ट सांगितलं की आजार आहे तो राहणार. पण अंगणात खुर्ची टाकून बसण्याइतके, अन्वीशी पत्ते खेळताना तिची लबाडी पकडण्याइतके ते सावरले.

मी वसईला परतल्यावर एका दुपारी फोन वाजला. दुबईचा नंबर. मला वाटलं बशीर असेल.

"लोपीस, मी नाना बोलतोय. मेधा मीटिंगमध्ये आहे म्हणून तिचा फोन घेतलाय. मला एक शंका आहे. अन्वीच्या पुस्तकात मी वाचलं की जपानमध्ये म्हणे अर्ध्या देशात पन्नासचा ताल आहे आणि अर्ध्यात साठचा, मग एखाद्या माणसाची या टोकाहून त्या टोकाला बदली झाली तर त्याने घरातलं सगळं सामान टाकून द्यायचं की काय, आणि एकाच देशात असं दोन तऱ्हेचं करायची बुद्धी त्यांना झाली तरी कशी?"

मी फोन कानाला आणखी घट्ट धरला.

"हॅलो? लोपीस? ऐकू येतंय ना?"

"येतंय, नाना."

"मग सांगा की."

"मला नाही माहीत. शोधून सांगतो. पण नाना…"

"काय?"

"प्रश्न परत एकदा विचारा ना. अख्खा."

"का? नीट कळला नाही?"

"कळला हो," मी म्हणालो. "तरी विचारा."

त्यांनी विचारला. सुरुवातीपासून, सगळाच्या सगळा, मध्ये कुठेही न थांबता.